तळाचं बूच

बकाराम लंजे यांना आमच्या गावात कोणी लंजे म्हणत नसे. ते पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कधी जायचं आणि किती वेळ जायचं, हे ज्याच्या हाती असतं तो पाणकर. सडक अर्जुनीहून आठ किलोमीटर आत आमचं गाव आणि गावाच्या वरच्या अंगाला तलाव. कोहळी लोकांनी तो बांधला तेव्हा बकारामभाऊंच्या खापरपणज्याने डोक्यावरून माती वाहिली होती, असं ते सांगत. ते एवढंच सांगत, फुशारकी मारत नसत.

मी १९७४ साली लग्न होऊन नागपूरहून इथे आले. माझे यजमान गावातले डॉक्टर. १९८२ च्या जुलैत एक तरणा माणूस पाय कापून घेऊन आमच्या दवाखान्यात आला. तलावात शिंपल्याने कापलं होतं. टाके घालताना तो म्हणाला, आज पहिला दिवस आहे, लवकर सोडा, पाणी वाहतं ठेवून आलो. ती नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीत आहे. तो माणूस म्हणजे बकारामभाऊ, म्हणून मला माहीत आहे की त्यांनी एकेचाळीस वर्षं पाणी सोडलं.

त्यांचं काम कोणाला दिसत नसे. पहाटे पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, चालत जायचं, तुडूम पाहायचं, मग खांद्यावर फावडं टाकून पाटाच्या कडेकडेने शेवटच्या बांधीपर्यंत उतरायचं. तुडूम म्हणजे पाळीला लागून तलावात उभी केलेली दगडी पायऱ्यांची जागा. तिला एकाखाली एक अशी तीन तोंडं असतात आणि प्रत्येकाला लाकडी बूच. भोवती तणस, म्हणजे धानाचा पेंढा, गुंडाळून, चिखल थापून ते बसवतात. पाणी जसं उतरेल तसं वरचं तोंड झालं की मधलं, मधलं झालं की तळाचं. तळाच्या तोंडाचं पाणी उशिरा पिकणाऱ्या भारी धानासाठी राखलेलं. लवकर पिकणारा हलका धान कापून, बांधीतून उचलून झाला की गाव बसून दिवस ठरवतं आणि ते बूच वर्षातून एकदाच निघतं. काढलेलं बूच पुन्हा बसत नाही, लाकूड कुजलेलं असतं. म्हणून ते काढायच्या आधी बकारामभाऊ बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचं नवं बूच तासून तयार ठेवत.

त्यांची स्वतःची दीड एकर बांधी पाटाच्या अगदी शेवटाला होती. पाणी कमी पडलं त्या वर्षी सगळ्यांत आधी ती वाळली. त्यावरून घरी बायकोची बोलणी खाल्ली, पण पाटाचा क्रम बदलला नाही. या एका गोष्टीमुळे गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

त्यांची नात डिंपल. चौथीपासून ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला येई. २०२३ साली ती गोंदियाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. त्या सप्टेंबरात ती वर्गातल्या हिमांशूला आणि गाणाऱ्या आचलला घेऊन माझ्या ओसरीवर आली. युवक महोत्सवात गाण्याच्या व्हिडिओची स्पर्धा होती, वीस ऑक्टोबरपर्यंत पाठवायचा होता. गाणं डिंपलनेच लिहिलं होतं, आपल्या आजोबांवर. पहिली ओळ होती, ‘तलावाच्या पाळीवर माझ्या आज्याची वाट.’ मला ती आवडली.

व्हिडिओची आखणी माझ्या टेबलावर झाली. मुलांच्या डोक्यात सगळं एकदम होतं, कागदावर काही नव्हतं. मी त्यांना रेघा मारून दिल्या: दृश्य क्रमांक, जागा, वेळ, कोण लागेल. पाळीवरून चालणारे पाय, फावडं, पाटातली सावली. गाण्याच्या शेवटी काय दाखवायचं ते सुचत नव्हतं. ते मी सुचवलं. म्हटलं, तुडूम उघडल्यावर पाटात पाणी कसं उडी घेतं ते एकदा पाहा. हिमांशू खूश झाला. अकराव्या ओळीत मी माझ्या अक्षरात लिहिलं, ‘तुडूम उघडते, पाणी येते.’

संध्याकाळी बकारामभाऊ नातीला न्यायला आले तेव्हा त्यांना विचारलं. मधलं तोंड उघडून देईन म्हणाले. पाऊस त्या वर्षी लवकर थांबला होता, मधल्या तोंडाला जेमतेम पाणी लागलं होतं. हिमांशूने विचारलं, त्याला धार किती येईल? त्यांनी मनगट दाखवलं. मुलांचे चेहरे उतरले.

“तळाचं काही मिनिटं उघडलं तर?” मी विचारलं.

“ते गावाचं पाणी व्हय, बाई.”

“दोन मिनिटांत किती जाईल, बकारामभाऊ? उघडायचं आणि लावायचं.”

त्यांनी ओसरीच्या खांबाला हात लावला. मग म्हणाले, “तुमी म्हंता तं पाहू.”

मी हे जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे, म्हणून त्यात फेरफार करता येत नाही.

आठ ऑक्टोबर, रविवार. हिमांशूने गोंदियाहून भाड्याने कॅमेरा आणला होता. मी पाळीवर खुर्ची टाकून बसले. सकाळी पाय झाले, फावडं झालं. बकारामभाऊ कॅमेऱ्यासमोर चालताना ताठ होत होते. हिमांशू म्हणाला, “आबाजी, ऐसे चलो जैसे कोई देख नहीं रहा.” त्यावर ते हसून म्हणाले, “एकेचाळीस वर्सं तसाच चालून राहिलो गा.” मुलंही हसली. त्या दिवशी सगळे हसले ते तेवढंच.

दुपारी मधलं बूच काढलं. पाटात पाणी आलं ते सांडल्यासारखं आलं. आचल पाटाच्या तोंडाशी गात उभी होती, तिची पावलंसुद्धा नीट भिजली नाहीत. हिमांशू कॅमेऱ्यात पाहत राहिला. डिंपल मान खाली घालून पायाने माती उकरत होती. बकारामभाऊंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग धोतर खोचून पाण्यात उतरले. छातीएवढ्या पाण्यात त्यांनी बुडी मारली आणि तळाचं बूच ओढलं.

पाटात पाणी आलं तो आवाज मी आधीही ऐकला होता, पण एवढ्या जवळून नाही. आचल गाणं विसरून मागे सरली आणि पुन्हा गायला लागली. दोन मिनिटं नसतील झाली. बकारामभाऊंनी बूच बल्लीने दाबून बसवलं, वर तणस आणि चिखल कोंबला. पाणी थांबलं. बूच पुन्हा बसलं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलेलं दिसलं. आता आवरू या, असं तेव्हा मला म्हणता आलं असतं.

हिमांशू म्हणाला की मध्येच ढग आला आणि आचल मागे सरलेली दिसते. “एक बार और, आबाजी. बस एक.”

ते ओले, धापा टाकत उभे होते. ते माझ्याकडे पाहतील असं मला वाटलं होतं. ते डिंपलकडे पाहत होते. ती नाहीही म्हणाली नाही, होही म्हणाली नाही. ते पुन्हा उतरले.

दुसऱ्यांदा बसवताना बूच उभं चिरलं. अर्धा तुकडा पाण्याने ओढून पाटात नेला, तो आम्ही वाहत जाताना पाहिला. उरलेला अर्धा त्यांच्या हातात होता. नवं बूच अजून केलेलं नव्हतं, कारण तळाचं तोंड उघडायला तीन आठवडे होते. बीजाचा ओंडका अंगणात सुकत पडला होता. त्यांनी धोतर सोडून त्याचा बोळा केला आणि तुडुमाच्या तोंडात कोंबला. तोही गेला. डिंपल गावाकडे पळाली. माणसं आली, वाळूची पोती टाकली, दोन पोती पाण्याने सरळ आत ओढून नेली. सोमवारी दुपारी तलावाच्या तळाशी उरल्या पाण्यात मासे उडताना दिसायला लागले तेव्हा लोकांनी हात थांबवले.

हलक्या धानाची कापणी तेव्हा ऐन भरात होती. कापलेल्या धानाच्या कडपा, म्हणजे वाळत घातलेले ओळीओळीचे मुठे, बांध्यांमध्ये पसरलेल्या होत्या. पाणी त्यांच्यावरून गेलं. देवचंद हा दुसऱ्याची बांधी बटईने, म्हणजे वाट्याने, करणारा माणूस, त्याच्या सगळ्या कडपा बुडाल्या आणि आठवड्यात लोंब्यांना मोड आले. खालच्या भारी धानाला शेवटचं पाणी मिळालंच नाही. लोंब्या आल्या, दाणा भरला नाही. त्यात बकारामभाऊंची दीड एकरही होती.

मंगळवारी सकाळी हनुमानाच्या मंडपात गाव बसलं. मी घरीच राहिले. अंगात कसर होती असं वहीत लिहिलं आहे, आणि ते खरं नाही. तिथे काय झालं ते डिंपलने येऊन सांगितलं. पाणी समितीचे अध्यक्ष केशोराव यांनी आवाज न चढवता विचारलं, बूच कोणाच्या सांगण्यावरून काढलं? बकारामभाऊ म्हणाले, कोणाच्याच नाही. देवचंद म्हणाला, नातीच्या पिक्चरपायी काढलं, सारं गाव सांगून राहिलं. त्यावर ते म्हणाले:

“पोरं कॅमेरा धरून उभी होती. हात माहा होता.”

“मंग कायले काढला?” देवचंद म्हणाला. “आमच्या पोरायले सांगत होता, त्या बुचाले हात लावू नोका. अन तूच?”

डिंपल उठून सांगायला गेली की आम्ही दोनदा काढायला लावलं, तर बकारामभाऊंनी तिला हाताला धरून खाली बसवलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. डिंपलनेही घेतलं नाही. गावाने ठरवलं की पुढच्या वर्षापासून दुसरा माणूस पाहायचा. त्यांना कोणी शिवी दिली नाही. देवचंद जाताना म्हणाला, शिवी देली असती तं बरं वाटलं असतं.

पाणकराला कापणीनंतर घरटी सूपभर धान द्यायची पद्धत आहे. त्या वर्षी ते कोणाच्या दारी गेले नाहीत.

डिंपलने व्हिडिओ पाठवायचा नाही असं ठरवलं होतं. त्यांनीच पाठवायला लावला. म्हणाले, एवढं झालं अन तेही वाया घालवतं का? बक्षीस मिळालं नाही. नोव्हेंबरच्या पाच तारखेला ती मोबाइल घेऊन माझ्या ओसरीवर आली, बरोबर आजोबा होते. आम्ही तिघांनी तो पाहिला. चार मिनिटांचा आहे. शेवटी पाणी उडी घेतं, आचल मागे सरते, पुन्हा गाते.

“हे पहिल्या बारीचं पाणी व्हय,” बकारामभाऊ म्हणाले.

डिंपलने सांगितलं की हो, हिमांशूला पहिलंच जास्त खरं वाटलं. दुसऱ्यांदा काढलेलं कुठेच घेतलेलं नाही. हे सांगून ती आत पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी म्हटलं, “मी सभेत यायला हवं होतं, बकारामभाऊ. मी सांगायला हवं होतं.”

ते मोबाइलच्या विझलेल्या काचेकडे पाहत होते.

“आता कायले, बाई,” ते म्हणाले. “तवा आल्या असत्या तं माह्या संगं कोणी तरी बसलं असतं.”

त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. वाटेत भेटलो तर नमस्कार करतात. पाळीवरून मात्र जात नाहीत. घराकडे जायला तोच जवळचा रस्ता आहे, पण ते खालून सडकेने वळसा घालून जातात. गेल्या पावसाळ्यात नवा पाणकर लागला. त्याने तळाला सिमेंटचं झाकण बसवून घेतलं. बीजाचा ओंडका बकारामभाऊंच्या अंगणात अजून पडलेला आहे. एका टोकाला तो तासलेला आहे, म्हणजे त्या सोमवारी, पाणी वाहत असताना, त्यांनी तासायला सुरुवात केली असणार.