दिल्लीचा भाऊ आणि कैरीची डाळ

आमचे खासदार दिल्लीला पोहोचले ते माझ्या कैरीच्या डाळीमुळे. हसा खुशाल. हे मी पेणच्या बाजारात सांगितलंय, रोह्याच्या गाडीत सांगितलंय, एकदा तर लग्नाच्या पंगतीत त्यांच्याच पक्षाच्या तालुकाध्यक्षाला सांगितलं. तोही हसला, पण नाही म्हणाला नाही.

ते मूळचे रोह्याचे. नावाला वकिली होती, खरा वेळ जायचा शाळेच्या कमिटीत आणि गुरुवारच्या भजनात. पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळाला बारीक गंध. भाषणाचा विषय ठरलेला: घर, धर्म आणि बाईची मर्यादा. उंबरठा हा शब्द ते इतक्या प्रेमाने उच्चारायचे की जगातला पहिला उंबरठा त्यांनीच सुताराकडून करून घेतला असावा असं वाटे. मुलींनी किती शिकावं, टीव्हीवरच्या मालिकांनी काय काय बुडालं, यावर ते तासभर बोलत, आणि इतकं हळू बोलत की पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर झोपत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा लोकसभेला उभे राहिले आणि सपशेल पडले.

माझे यजमान रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला होते. आम्ही राहायचो पेणला, रामवाडीत. ते गाडीने जा-ये करायचे आणि गुरुवारी पहिली शिफ्ट सुटली की भजनाला बसूनच परत यायचे. त्या भजनातून दादा आमच्या घरात आले. दादा मीच म्हणायला लागले. पहिल्या भेटीत माझ्या हातचा चहा घेऊन ते म्हणाले होते, मला बहीण नाही, ताई, यंदा भाऊबीजेला तुमच्याकडे येणार. मलाही भाऊ नव्हता. आले की खरंच! पाटावर बसले, मी ओवाळलं, त्यांनी तबकात मोरपंखी जरीची साडी ठेवली. मग दर भाऊबीजेला येत राहिले. मी सकाळपासून दारात रांगोळी काढून, पुन्हा पुन्हा ती नीट करत बसायची. तो पाट लक्षात असू द्या, आपल्याला शेवटी तिथेच जायचंय.

आता माझ्याबद्दल. मी गणपतीतल्या नाटकांत कामं करणारी बाई. राणी झाले, सासू झाले, एकदा चेटकीण झाले तेव्हा शेजारची पोरं महिनाभर आमच्या दारावरून गेली नाहीत. आवाज असा की माइक बंद पडला तरी मैदानाच्या टोकाचा चहावाला मान वर करी. दादा दुसऱ्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांनी मला विचारलं, बायका माझ्या सभेला येत का नाहीत? झोपायला घरी जागा आहे म्हणून, असं जिभेवर आलं होतं. पण भाऊ होता. मी म्हटलं, सभा घेऊच नका, चैत्र लागलाय, हळदीकुंकू घाला.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे काय झकास सोय आहे पाहा. झोपाळ्यात गौर बसवायची, समोर आरास मांडायची, येणाऱ्या सवाष्णींना हळदीकुंकू लावून ओटीत भिजवलेले हरभरे घालायचे आणि हातात कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं. बाईला घरातून कोणी अडवत नाही. विरोधी पक्षाच्या पुरुषाला आत पाऊल टाकता येत नाही. आणि देवीच्या कार्याला प्रचार म्हणायची छाती कोणाची? वहिनी, म्हणजे दादांच्या बायको, करंडा घेऊन फिरायच्या. मी माइकवर. दादांनी शेवटी येऊन नुसते हात जोडायचे, बोलायचं नाही, हे मी त्यांना बजावलं होतं.

कासूच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात असंच हळदीकुंकू चाललं होतं. मिठागरावर काम करणारी एक मावशी पहिल्याच रांगेत येऊन बसली. कपाळ मोकळं. वहिनी करंडा घेऊन तिच्यापाशी आल्या, थबकल्या आणि पुढच्या बाईकडे गेल्या. डाळीची परात घेतलेली मुलगीही त्यांच्या मागोमाग पुढे सरकली. मावशीने तिचा पदर धरला.

"कुकू नको देऊस गो. डाल दे. डालीला नवरा लागत नाय."

मंडप हसून आडवा झाला. मी माइकवरच हसले, खाली उतरून मावशीला दोन द्रोण भरून डाळ दिली, आणि पुढच्या प्रत्येक गावात हा किस्सा तिच्या आवाजात करून दाखवला. दादाही दर वेळी हसायचे. त्या किश्शावर किती मतं पडली देव जाणे, पण दादा निवडून आले.

पेणला सत्कार झाला. गळ्यातले हार काढून ठेवत दादांनी मला स्टेजवर बोलावलं आणि म्हणाले, हा विजय माझ्या बहिणीचा आहे. पुढच्या वर्षी नगरपालिकेची निवडणूक होती आणि आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला होता. राखीव जागा म्हणजे घर मोडायचा धंदा, असं दादा जन्मभर सांगत आले होते. पण जागा आता झालीच होती, ती सोडणार कशी? सगळ्यांदेखत त्यांनी जाहीर केलं, इथून माझी ताई उभी राहील.

टाळ्या पडल्या. दुसऱ्यांनी लिहिलेलं मी पुष्कळ बोलले होते, दुसऱ्यासाठी तर गावोगाव बोलले होते. पालिकेच्या त्या लांब टेबलाशी एक खुर्ची असेल आणि तिथे मी माझ्या नावाने, माझ्या मनातलं बोलेन, हे एकदा डोक्यात शिरलं ते निघेचना. भांडी घासताना मी सभागृहात उभी असायची. यजमान विचारायचे, आज कोणता ठराव मांडलात?

तिकडे दिल्लीत दादांचं काय चाललंय ते पेपरात शोधावं लागे. मालिकांमधल्या बायकांच्या कपड्यांबद्दल त्यांनी एक प्रश्न विचारला. बायकांच्या राखीव जागांचा विषय संसदेत निघाला तेव्हा घरात बाईचं स्थान किती उंच आहे यावर ते बोलले म्हणे, पण इतकं हळू की ते बाजूने बोलले की विरोधात, हे शेजारी बसलेल्यालाही कळलं नसावं, असा आमच्या घरात निकाल लागला. जिते स्टेशनच्या फलाटावर छप्पर आणतो म्हणाले होते. आलं बाक, पाठीवर त्यांचं नाव रंगवलेलं. पावसात लोक त्या नावाला पाठ टेकून भिजायचे. मी हे सगळं हसत हसत सांगायची, पण दुसऱ्या कोणी त्यांना नावं ठेवली की भांडायची. भाऊ म्हटल्यावर तेवढं करावं लागतं.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता माझे यजमान गेले. कंपनीतच छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. याचं नाटक मला करता येत नाही, म्हणून एवढंच.

दादा आले. ओटीवर बसून रडले, आणि नाटकातलं रडणं मला कळतं, ते तसं नव्हतं. ताई, मी पाठीशी आहे, म्हणाले. काही दिवसांनी भाऊबीज आली. रांगोळी काढायची नव्हती, पाट तेवढा मांडून ठेवला. दादांऐवजी त्यांचा ड्रायव्हर आला. साहेब दिल्लीत अडकलेत म्हणाला आणि पुडकं देऊन गेला. आत साडी होती. राखाडी. काठ नाही, जर नाही, नुसती राखाडी. दिल्लीत अडकलेले साहेब दुसऱ्या दिवशी मला पेपरात दिसले, जवळच कुठेतरी उद्घाटनाची फीत कापताना. मी स्वतःची समजूत घातली की फोटो जुना असेल.

चैत्राच्या तोंडावर निवडणूक लागली. दादा घरी आले, चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, तिकीट त्यांच्या मेव्हण्याच्या बायकोला दिलंय. ती आमच्याच वॉर्डात राहायची. गरीब बाई होती, नाव विचारलं तरी आधी सासूकडे बघायची. मी विचारलं, माझं काय चुकलं?

"तुमचं काही नाही चुकलं, ताई. पण आपला प्रचार हळदीकुंकवाचा. त्यात तुम्ही पुढे कशा येणार? लोक नावं ठेवतील. आपला पक्ष परंपरेचा आहे."

मला वाटलं संपलं. पण दादा उठले नाहीत. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"आवाज मात्र तुमचाच लागेल. पडद्याआड माइक देतो. डाळही तुमच्याच हातची असू द्या, बायकांना सवय झालीय."

बघा म्हणजे. माझी डाळ चालत होती, आवाज चालत होता, कपाळ तेवढं नको होतं. आणि मी हो म्हटलं. दादांनी सांगितलं होतं, दुसरं काय कारण देऊ?

रामवाडीत मंडप पडला. आडोशाला लावलेला पडदा आमच्याच नाटकांचा निघाला, खांब आणि मोर रंगवलेला राजवाडा. याच राजवाड्यापुढे मी राणी म्हणून मिरवले होते. आता मी त्याच्या पाठीमागे, उपड्या घमेल्यावर, शेजारी डाळीचं पातेलं. बाहेर ती बिचारी उमेदवार गौरीजवळ मान खाली घालून बसलेली आणि आतून मी सांगतेय, ही तुमच्या घरातली लेक आहे, हिला निवडून द्या. बाहेर कुजबुज सुरू झाली. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, बाई दिसत नव्हती.

तेवढ्यात पडदा बाजूला सारून मावशी आत आली. तीच, मिठागरावरची. तिची लेक रामवाडीत दिलेली होती, तिच्याकडे आली होती. बाहेर परात पुन्हा तिला वगळून गेली, म्हणून रिकामा द्रोण घेऊन सरळ पातेल्यापाशी आली होती. मला बघून उभीच राहिली.

"तू हितं काय करतंस गो?"

मी माइकवर हात धरला आणि हळूच सांगितलं, मला पुढे बसता येत नाही आता. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग पातेल्यातली डाळ स्वतःच द्रोणात वाढून घेतली.

"डालीला नवरा लागत नाय म्हनून जगभर सांगत फिरलीस ना? मंग बोलाया लागतो काय?"

आणि ती डाळ खात बाहेर निघून गेली.

मी उठले. माइकची वायर पडद्याच्या कडेपर्यंतच पुरत होती, तिथपर्यंत गेले आणि राजवाडा बाजूला केला. सगळ्या माना वळल्या. मी म्हटलं, डाळ मी केलीय, आवाज माझा आहे, आणि मला आत बसायला माझ्या भावाने सांगितलंय. पुढचं वाक्य तयार होतं. पण मंडपाच्या तोंडाशी दादा उभे होते, हात जोडायला आलेले. त्यांनी गौरीजवळचा दुसरा माइक उचलला.

"आमच्या ताईंवर फार मोठा आघात झालाय. सगळ्यांनी सांभाळून घ्या त्यांना."

हा माणूस जन्मात पहिल्यांदाच मोठ्याने, स्वच्छ बोलला. आणि काय बोलला! कोणीतरी माझी वायर ओढली. आवाज मला माइकशिवाय होता, पण तो लावून करणार काय? समोरच्या बायकांचे डोळे बदलले होते. हसल्या असत्या तर मी प्रवेश मारून नेला असता. त्यांना माझी दया येत होती. दोघीतिघींनी मला हाताला धरून घरी आणलं, पाणी दिलं. वाटेत एक म्हणाली, डाळ मात्र छान झालीय हो.

उमेदवार निवडून आली. माझ्या हातची डाळ खाल्लेल्या बायकांनीच तिला मतं दिली. पालिकेत तिने पाच वर्षांत तोंड उघडलं नाही असं म्हणतात.

त्या दिवाळीत दिल्लीतलं सरकार आज पडतंय की उद्या, असं चाललं होतं. पुन्हा निवडणूक येणार हे पोरासोरांनाही कळत होतं. भाऊबीजेला सकाळी दारात गाडी थांबली आणि दादा स्वतः उतरले. हातात साडी, डाळिंबी, हातभर जर. मतं जवळ आली की रंग परत येतात, हे तेव्हा कळलं. मी या म्हटलं. पाट मांडला. ते टोपी सारखी करून बसले आणि बसल्या बसल्याच म्हणाले, या वेळी परत आपल्याला गावोगाव फिरायचंय, ताई.

मी तबक तयार केलं, निरांजन लावलं. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला जुन्या पातळाचा पडदा होता. मी त्याच्या मागे उभी राहिले, तबक धरलेले हात तेवढे बाहेर काढले आणि ओवाळायला लागले.

दादा म्हणाले, "ताई, हे काय?"

"समोर कशी येणार, दादा? लोक नावं ठेवतील. आपलं घर परंपरेचं आहे."

मी आपली ओवाळतेय. फटीतून मला फक्त त्यांचे गुडघे दिसत होते आणि गुडघ्यावर ती डाळिंबी साडी. तबक त्यांच्या कपाळापासून चांगलं दोन हात लांब होतं, त्यांना उठून जवळ यावं लागलं असतं. उठून जवळ आले असते, पडदा सारून नुसतं ताई म्हटलं असतं, तरी मी त्यांच्यासाठी पुन्हा गावोगाव फिरले असते. हे मी कुठल्याच पंगतीत सांगत नाही.

ते उठले. साडी पाटावर ठेवली आणि चपला घालून गेले. पुढे निवडणूक झाली, दादा पडले. माझ्यामुळे पडले असं मी ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून कधी सांगते, कधी सांगत नाही.

हा प्रसंग मी आजही करून दाखवते, दाराला पडदा आणि हातात तबक घेऊन, आणि लोक पोट धरून हसतात. त्या दिवशी निरांजनाची ज्योत सारखी हलत होती, कारण माझे हात थरथरत होते आणि मी पदर तोंडात कोंबून उभी होते. दादांना ते दिसलं नाही. पडद्याचा तेवढा एक उपयोग मला झाला.