मामाने निळा पट्टा मारलेलं झाड

आमच्या ओझेलमामाच्या घरापासून जंगलाचं फाटक जेमतेम तीन मैल. कुठून कुठून माणसं विमानाने येतात आणि काँगरी नदीकाठच्या त्या जुन्या झाडांखाली माना वर करून फिरतात. आणि हा पठ्ठ्या जवळजवळ पन्नास वर्षांत एकदाही आत गेला नव्हता! विचारलं की कारणं तयार. उन्हाळ्यात डास, मग साप, मग पुराचं पाणी. काहीच नसलं की गुडघा.

"चर्चमध्ये गाताना तासभर उभा राहतोस, तेव्हा कुठे जातो रे तुझा गुडघा?" मी तोंडावर विचारायची. तो हसून विषय बदलायचा. मला वाटायचं, आळशी मेला.

यंदा जानेवारीत माझी आई गेली, म्हणजे मामाची थोरली बहीण. तिला पुरून आठवडा झाला नाही तोच हा सकाळी दारात हजर.

"वर्नेल, गाडी काढ. जंगलात जायचंय."

"आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा?"

"थट्टा करू नकोस. लुसील गेली. आता बाबांना ओळखणारा मी एकटाच उरलो."

बाबा म्हणजे माझे सायलस आजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही. चर्चमधले वडीलधारे होते आणि जन्मभर सायप्रस या दलदलीतल्या झाडाच्या लाकडाची, छपरावर घालायची कौलं सुऱ्याने सोलायचे.

पाणी ओसरलं होतं. बुंध्यांवर माझ्या खांद्याइतकी चिखलाची रेघ होती. फळ्यांची वाट सोडून मामा सरळ चिखलात उतरला, आणि मी बडबडत त्याच्या मागे. तो एकेका झाडावर थाप मारायचा. "हा वाचला. हाही वाचला."

"कशातून वाचला? नीट सांग की!"

मग चालता चालता त्याने सांगितलं. हे राष्ट्रीय उद्यान होण्याआधी इथे लाकूड कंपनीची तोड चालायची. मामा बावीस वर्षांचा होता. कुठलं झाड पाडायचं त्यावर निळा पट्टा मारायचं काम त्याला मिळालं होतं. आम्हा काळ्या लोकांतल्या कुणाला ते पहिल्यांदाच मिळालेलं, त्यामुळे मामाची मान ताठ. आजोबांनी त्याच्याकडे एकच मागणं केलं. ओढ्याच्या वळणावरचा मोठा सायप्रस सोड. मोठ्या पुरात त्यांची आई त्याच झाडाला होडी बांधून, पोटाशी पोरं धरून दोन दिवस बसली होती. आजोबांनी स्वतः त्या झाडाची एक ढलपीसुद्धा काढली नव्हती.

"मग? सोडलंस ना?"

"कंपनीचा गोरा साहेब शेजारी उभा होता. म्हणाला, हे का सोडतोस? आता त्याला काय सांगू, माझ्या बाबांनी सांगितलंय म्हणून? लाज वाटली गं. मारला पट्टा."

मी तिथेच थांबले. खरं सांगते, मला संताप आला. "लाज कसली रे? बापाचं नाव घ्यायची लाज?"

"घरी त्याहून वाईट केलं. म्हणालो, मी नाही रंगवलं, तोडणाऱ्यांनी चोरून पाडलं. दुसऱ्या दिवशी बाबा होडी घेऊन बघायला गेले. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, बुंध्याला रंग नाही, माझ्या पोराचा दोष नाही. मला वाटलं, चिखलाने रंग झाकला असेल. सुटलो! पण नंतर त्यांच्या नजरेला नजर देता येईना. शहरात काम धरलं. नाताळला यायचो, जेवायचो, निघायचो. सहा वर्षांनी बाबा गेले."

"पण पाडलेल्या झाडाला रंग कुठून राहणार?"

"दोन पट्टे मारायचे असतात. एक छातीच्या उंचीवर, एक मुळाशी. झाड पडलं तरी मुळाजवळचा पट्टा उरलेल्या बुंध्याला राहतो. तपासणीला आलेल्याला कळतं, ठरवून पाडलंय की चोरून."

वळणावर तो बुंधा अजून होता. आठ माणसं भोवती जेवायला बसतील एवढा. सायप्रस लवकर कुजत नाही. मामा खाली बसला आणि हाताने शेवाळ, पाचोळा काढू लागला. बराच वेळ गेला. मग त्याचा हात थांबला.

मुळाशी वीतभर जागेत साल नव्हती. लाकूड गुळगुळीत तासलेलं. कडेच्या एका भेगेत मात्र निळ्या रंगाचा ठिपका राहिला होता.

"किड्यांनी खाल्लं असेल," मी म्हटलं.

"नाही. हे दोन मुठींच्या सुऱ्याचं काम. वरून खाली, एका ओढीत. बाबा कौलं अशीच सोलायचे."

त्याने त्या जागेवर तळवा ठेवला आणि लहान मुलासारखा रडू लागला. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी त्याच्या खांद्याला धरून बसले.

"त्यांना त्याच दिवशी पट्टा दिसला होता, वर्नेल, आणि त्यांनीच तो तासून टाकला. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलला. मी आपला सहा वर्षं तोंड चुकवत फिरलो. एकदा समोर बसून म्हणायला हवं होतं गं, बाबा, मीच मारला तो पट्टा. त्यांनी आधीच पदरात घेतलं होतं मला. फक्त मी म्हणायचं राहिलं."