वीस चिंचोके आणि सेक्रेटरीचा शिक्का

आमच्या विक्रोळीच्या सोसायटीत सेक्रेटरी निवडून येत नाही, सापडतो. सहा वर्षांपूर्वी मी सापडलो. गळती, पार्किंग, कबुतरं, सगळं माझ्याच डोक्यावर. यंदा मी जाहीर केलं, थकलो, राजीनामा! त्या रविवारच्या सभेला तीनच माणसं आली: मी, तळमजल्यावरच्या मालवणी काकू आणि तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर. सेक्रेटरी व्हायला कुणीच तयार होईना. तेव्हा इंजिनिअर म्हणाला, "पोकर खेळू या. ज्याचे चिंचोके आधी संपतील तो सेक्रेटरी."

काकूंनी बरणीतून प्रत्येकाला चाळीस चिंचोके मोजून दिले. सोसायटीचा शिक्का मध्ये ठेवला. हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे. कुणी बोली लावली की तेवढे चिंचोके टाकायचे, नाहीतर पत्ते टाकून डाव सोडायचा; शेवटी ज्याची जुळणी भारी, मधले चिंचोके त्याचे. अर्ध्या तासात काकू तरबेज झाल्या आणि तासाभरात माझे वीसच उरले.

मग आले! हातात दोन बादशहा आणि मध्ये तिसरा. सुटका समोर दिसली. इंजिनिअरनं पत्ते टाकले, उरल्या काकू. आता बोली किती लावायची? सगळे वीस सारले तर काकू पळतील. मी सुतकी चेहरा केला आणि हळूच चार चिंचोके पुढे सरकवले.

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "चारच?"

"चारच."

"सहा वर्षांत तू कधी कमी सांगितलंस रे? टाकी धुवायची तर दोन दिवस पाणी बंद म्हणतोस, नि संध्याकाळी नळ चालू. आज कमी सांगतोयस, म्हणजे खरं सांगतोयस. मी नाय येत." पत्ते पालथे पडले. माझ्या तीन बादशहांना मूठभर चिंचोके मिळाले.

पुढच्या डावात सत्ती आणि चौकी. मध्येही माझ्या कामाचं काही नाही. आता घाबरवू म्हणून मी उभा राहिलो, बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हातांनी सगळे चिंचोके ढकलले. काकूंनी मान वर न करता तेवढेच टाकले.

"तुझे दोन दिवस म्हणजे एक दिवस, मेल्या."

त्यांच्याकडे पंजांची जोडी होती. साधी जोडी! शिक्का माझ्याकडे परत आला.

त्याच संध्याकाळी नोटीस लिहायची होती. फुगवायचंही त्राण नव्हतं. लिहून टाकलं: 'उद्या टाकी धुणार. दुपारपर्यंत पाणी बंद.' एरवी माझी नोटीस वाचून कुणी तांब्या भरत नसे. त्या रात्री जिन्यावरून येताना पाहिलं, तर दारोदारी पिंपं, बादल्या, कुकरसुद्धा भरलेले.

सकाळी तोंडाला साबण लावून नळ सोडला. तो नुसता खाकरला. दारात काकू बादली घेऊन उभ्या.

"भरलं नाहीस ना तू?"

नव्हतं भरलं. माझ्या नोटिशीवर मी तरी कधी विश्वास ठेवला होता?