तीन टनांचा तोरा

टायरमास्तर म्हणजे माझा मामा. एकोणचाळीस वर्षं एकाच गॅरेजात त्याने टायर बदलले, पण गाडी या वस्तूबद्दल त्याला कधी आदर म्हणून वाटला नाही. "वर काय वाट्टेल ते मिरवा," तो म्हणायचा, "रस्त्याला टेकतं ते रबर. तेवढंच खरं." टायरवरून तळहात फिरवून तो मालकाचा स्वभाव सांगायचा. "वळणावर करकचून ब्रेक मारता, आणि वर दुसऱ्यांवरच खेकसता." शेजारी उभी असलेली मालकाची बायको हळूच मान डोलवायची.

निवृत्तीला चार महिने उरले असताना एका बड्या कंपनीने त्याला बोलावलं. त्यांची विजेवरची आलिशान एसयूव्ही बाजारात यायची होती आणि बाहेरच्या जाणकारांची मतं हवी होती. टायरपुरता जाणकार मामा. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून मी भाची लॅपटॉप घेऊन सोबत.

बंद शेडमध्ये गाडी काळ्यापांढऱ्या नक्षीच्या कागदात गुंडाळून ठेवली होती. "डिझाइन अजून गुप्त आहे," मॅनेजर म्हणाला. शर्टाला एक सुरकुती नाही, बोलण्यात एक पूर्णविराम नाही.

"लपवावं असंच तोंड असेल," मामा म्हणाला.

दाराला मूठ नव्हती. माणूस जवळ गेला की ती आपोआप बाहेर येते म्हणे. मॅनेजर तीनदा जवळ गेला, तेव्हा कुठे बाईसाहेब प्रसन्न झाल्या.

"शून्यापासून शंभर, तीन सेकंदांत!"

"एवढी घाई कुठे जायची?"

"सर, तो एक अनुभव असतो."

"जुलाब हासुद्धा अनुभवच."

त्यांच्या ड्रायव्हरने आम्हाला एक चक्कर मारून आणली. माझं डोकं मागे आपटलं. मामा डोळे मिटून बसला होता. उतरल्यावर एवढंच म्हणाला, "जॅकवर घ्या."

चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून त्याने तळहात एकदा बाहेर ओढला, मग उलटा फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, दुसऱ्या दिशेने करवतीसारखं. आतली कड तर पार टक्कल पडलेली.

"किती चालली?"

"सहा हजार किलोमीटर."

"चाळीस हजारांनंतर असं दिसायला हवं. वजन?"

"दोन हजार आठशे पन्नास किलो."

"म्हणजे माणसं बसली की तीन टन. आणि चाकं वरून आत का झुकवलीत एवढी?"

"त्याने गाडीला एक रुबाब येतो, सर."

मामा माझ्याकडे वळला. "लिही. रुबाबापायी टायर खाते."

मी सहा ओळी लिहिल्या. मॅनेजरने त्या वाचून गोड हसत एकच वाक्य सुचवलं: 'झीज गाडीच्या कामगिरीला साजेशी आहे.' आमचं गिऱ्हाईक टायर बदलायला मागेपुढे बघत नाही, असंही तो म्हणाला.

"बदलेल, दिसलं तर," मामाचा आवाज चढला. "आतली कड उभ्या माणसाला दिसते का? बाहेरून टायर नवाकोरा. ओल्या रस्त्यावर गाडी घसरेल तेव्हा कळायचं का त्याला?"

"सर, फक्त सही..."

"माझ्या हातासाठी बोलावलंत, की सहीसाठी?"

सही न करता आम्ही निघालो. घरी मामी करवादली, "दोन शब्द बदलले असते तर काय बोटं झडली असती?" मामा बराच वेळ नळाखाली हात चोळत राहिला. सहा ओळी बदलायला सांगितल्या, याचं त्याला दुःख नव्हतं. त्याचा हात त्यांना नकोच होता, हे झोंबलं होतं.

गाडी थाटात बाजारात आली. चाकं तशीच झुकलेली. माहितीपुस्तिकेच्या दोनशे अकराव्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक सूचना मला सापडली: टायरची आतली बाजू दर पाच हजार किलोमीटरला तपासून घ्यावी. मी ती निवृत्त मामाला दाखवली. वाटलं, खूश होईल.

"वाचणार कोण हे?" तो तुच्छतेने म्हणाला. मग गॅरेजला फोन लावून त्याने बजावलं, "ती ढोली गाडी आली की मालकाला विचारत बसू नका. नुसती हवा भरायला आली, तरी आधी जॅकवर घ्या."