कळी न धरलेली शेवंती

सिंधूला घर सोडून जायचं होतं आणि तिला अडवलं होतं शेवंतीच्या एकशे वीस कुंड्यांनी. हसू येतं ना? पण म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या त्या घराची गच्ची ज्याने पाहिलीय तो हसायचा नाही. अर्धी गच्ची शेडनेटच्या हिरव्या जाळीने गिळलेली, वर प्लॅस्टिकचा कागद, आत दाटीवाटीने कुंड्या आणि मधल्या बोळकांडीतून अंग चोरून फिरणारी, चाळिशीला टेकलेली सिंधू.

पंधरा वर्षं हेच चाललं होतं. आषाढात शेवंतीच्या फांद्या रुजवायच्या, श्रावणात शेंडे खुडायचे, भाद्रपदात काठ्या रोवायच्या, दसऱ्याला कळी धरली की किडीवर पाळत ठेवायची. थंडी पडली की लगेच पेटुनिया आणि सिमला मिरचीची रोपं. मोकळा म्हणून महिना नाही! कुणी चार दिवस बोलावलं, तरी वडील गंगाधरराव, म्हणजे तिचे अप्पा, मान हलवून म्हणायचे, "रोपं सोडून कसं जमेल गं?" मेटगळ्ळीच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. आई गेल्यापासून घरात हे दोघंच. भाऊ रक्षित बेंगळुरूहून सणाला यायचा, वांगीभातावर ताव मारायचा आणि "सिंधू आहे म्हणून काळजी नाही बघ" म्हणून निघून जायचा. डोंबलाची काळजी!

यंदा मात्र होसूरहून चैत्राचा फोन आला. चैत्रा तिची कॉलेजातली मैत्रीण, आता तिकडच्या एका मोठ्या नर्सरीत मुख्य. राहायला खोली, हाताखाली दहा माणसं, एकरभर पॉलीहाऊस. "एक डिसेंबरला ये," ती म्हणाली, "त्यापुढे मला जागा धरून ठेवता येणार नाही." सिंधूने दोन दिवस धीर गोळा केला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना अप्पांना सांगून टाकलं.

अप्पा भडकले नाहीत. ताटातला भात कालवत म्हणाले, "जा की. मी काय बांधून घातलंय तुला? पण विठोबाच्या देवळात कार्तिकाच्या दीपोत्सवाला देवळाचं बघणाऱ्या मनोहररावांना शब्द दिलाय आपण. एकशे वीस कुंड्या फुललेल्या पोचव, मग खुशाल जा."

एवढी सोपी अट! शेवंती काय, कार्तिकात फुलतेच. सिंधूने त्याच दुपारी माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली.

आणि दसरा गेला, दिवाळी गेली, शेवंती कळी धरायला तयार नाही. पानं म्हणशील तर काळीभोर, झाडं कमरेला आलेली, पण शेंड्याला हरभऱ्याएवढी कळी दिसेल तर शपथ. सिंधूने खत बंद केलं, पाणी तोडलं, मुळं उकरून पाहिली. कुंडीवाल्याला शिव्या घातल्या, मातीवाल्याला घातल्या. दीपोत्सव पंधरा दिवसांवर आला, तशी ती दिवसातून चारदा शेंडे चाचपायला लागली.

मग एका संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागे तिला एक कुंडी सापडली. पावसाळ्यात तिथे ठेवून विसरलेली, निम्मी वाळलेली. तिच्यावर मात्र कळ्याच कळ्या! सिंधू कुंडी हातात घेऊन उभी राहिली आणि हळूहळू तिची नजर वर गेली.

टाकीमागे अंधार होता. शेडनेटवर मोठमोठ्या बल्बांची माळ जळत होती. दसऱ्याला आख्खं म्हैसूर माळा लावतं, तशी अप्पांनीही लावली होती. लोकांच्या दहा दिवसांत उतरल्या. यांची अजून रोज तिन्हीसांजेला पेटायची. शेवंतीला कळी धरायला लांबलचक काळोख लागतो. डोक्यावर उजेड राहिला की ती नुसती पानं काढत बसते. अप्पांना हे ठाऊक नव्हतं म्हणावं, तर संक्रांतीच्या एका ऑर्डरसाठी फुलं लांबवायला त्यांनीच असे बल्ब टांगले होते, चार वर्षांपूर्वी.

गंगाधरराव गच्चीवरच खुर्ची टाकून अवऱ्याच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसले होते.

"अप्पा, ही माळ तुम्ही मुद्दाम ठेवली?"

सोलणारा हात थांबला. "हो," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती. "भीती वाटली गं. एवढ्या घरात मी एकटा काय करू? कुणाशी बोलू?"

"मग तोंडाने सांगायचं होतं ना! जाऊ नको म्हणायचं होतं!" सिंधूचा आवाज चिरकला. "अट घालता काय, वर गुपचूप दिवे लावता काय! मी काय तुमची कुंडी आहे?"

"गुपचूप?" अप्पांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "अय्यो सिंधू, दीड महिना रोज संध्याकाळी याच उजेडात तू झारी घेऊन फिरतेस. शेवंतीतलं मला कळतं त्याच्या दहापट तुला कळतं. बटण जिन्यात आहे, येताजाता तुझा हात लागतो त्याला. मी रोज वाट बघायचो, आज बंद करेल, उद्या करेल. तू केलं नाहीस."

 सिंधूच्या हातातली कुंडी एकदम जड झाली. तिने ती खाली ठेवली आणि जिना उतरून गेली.

सकाळी तिने मनोहररावांना फोन केला. आता आजपासून काळोख दिला तरी फूल जानेवारीत येईल, माझी चूक झाली, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. मनोहरराव हसलेच. "अगं, तेवढ्याने काय होतंय? मंडी मोहल्ल्याच्या बाजारातून झेंडू आणू. देवाला सगळी फुलं चालतात. तू होसूरला जाणार ना? निर्धास्त जा पोरी."

शब्द सुटला. अट सुटली. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकत होते, तेही म्हणाले, "जा. मी रक्षितला बोलावून घेतो." आणि खरंच म्हणाले, मनापासून.

दुपारी चैत्राचा फोन आला. "येतेस ना गं एक तारखेला? खोली झाडून ठेवलीय."

"नाही जमणार," सिंधू म्हणाली.

"का? आता काय अडलं?"

सिंधूने कारण शोधलं. खूप शोधलं. पलीकडे चैत्रा "हॅलो, हॅलो" करत राहिली, शेवटी चिडून तिने फोन ठेवला. सिंधूला वाटलं होतं, आता आपल्याला रडू कोसळेल. पण तिला हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्यानेच तिची भीतीने गाळण उडाली.