काकूच्या लालबुड्या सवती

माझी काकू शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, म्हणाल ते. मशीन पायाचं आहे आणि ते सुरू झालं की खालच्या मजल्यावर आमच्या कपबश्या थरथरतात. मी तिच्याकडे काज-बटणं करायला बसते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. काकू नाही म्हणेल, पण तिच्या म्हणण्याकडे लक्ष देऊ नका.

काका लाकडाच्या वखारीत राखणदार होते. जन्मभर ओंडक्यांच्या सोबतीत काढल्यामुळे असेल, घरात त्यांच्या तोंडून शब्द निघणं मुश्कील. "हं" आणि "बघू", संपलं. निवृत्त झाल्यावर तरी हा माणूस आपल्याशी बोलेल, अशी काकूला फार आशा होती. तिने मशीनजवळ त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, वर स्वतः शिवलेली गादी घातली. काकांनी खुर्ची पाहिली, "हं" म्हणाले आणि मागच्या गॅलरीत जाऊन बसले.

गॅलरीमागे दाट झाडी आहे आणि तिथे बुलबुलांचा थवा राहतो. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल ठिपका, म्हणून हे लालबुडे. फळांवर भारी जीव. तुतीचा हंगाम संपला तसे ते गॅलरीच्या कठड्यावर येऊ लागले आणि काका त्यांच्यासाठी पपई चिरू लागले. साल सोलून, बिया काढून, बारीक फोडी!

"माझ्यासाठी या माणसाने कधी पाण्याचा ग्लास भरला नाही," काकू दातात दोरा धरून म्हणाली, "आणि त्या सवतींना फोडी!"

फोडींचं तिने एक वेळ चालवून घेतलं असतं. पण काका त्यांच्याशी बोलायचे. मशीनच्या घरघरीत शब्द कळायचे नाहीत, नुसती गुणगुण यायची, लांबलचक, मध्येच हसणं. काकूचा तिळपापड व्हायचा. ऐकण्यासाठी मशीन थांबवणं तिला कमीपणाचं वाटे, म्हणून ती उलट पाय आणखी जोरात मारायची.

"काय बोलत असतील गं एवढं?" ती मला विचारायची.

"जाऊन ऐक की."

"माझं अडलंय खेटर!"

कोपऱ्यावरचा फळवाला पाखरांना हाकलायला गाडीवर आरशाचे तुकडे टांगतो. ते पाहून काकूचं डोकं चाललं. नुसत्या तुकड्याला पाखरं घाबरतात, मग तिच्याकडे तर गिऱ्हाइकांसाठी माणसाच्या उंचीचा आरसा होता. आम्ही दोघींनी तो ओढत नेला आणि शिवणाच्या खोलीच्या खिडकीत, तोंड झाडीकडे करून उभा केला. "आता येऊन दाखवा म्हणावं," काकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक बुलबुल आलाच. त्याला आरशात दुसरा बुलबुल दिसला आणि त्याचं माथंच भडकलं. तुरा फुलवून त्याने जी चोच मारायला सुरुवात केली ती थांबेना. टकटक ऐकून काका आत आले. आरशाच्या कडेने तो दिसत होता. काका त्या गादीच्या खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत.

"मूर्ख आहे," ते म्हणाले. "समोर कोणीच नाही, उगाच भांडतोय."

काकूच्या अख्ख्या संसारात हे सर्वांत लांब वाक्य असावं. तिचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. पुढच्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून मशीनवर बसली. काका रोज येऊ लागले. बघायचे खिडकीकडे, पण बसायचे तिच्याजवळ.

तो बुलबुल मात्र खंगत चालला. आरशावर रक्ताचे बारीक डाग दिसायला लागले. त्याची जोडीदारीण फांदीवरून हाका मारायची, गॅलरीत पपई सुकून जायची.

"झाक तो आरसा," काका म्हणाले.

"झाकते. एवढी शिवण होऊ दे."

ती शिवण काही संपेना. आरसा झाकला की खुर्ची रिकामी होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटी माझाच पारा चढला. "काकू, मरेल गं तो!"

"मरू दे मेल्याला!"

तेवढ्यात तो घसरून खिडकीच्या कट्ट्यावर पडला. चोच उघडी, अंग धपापत होतं. तरी मान वळवून तो आरशाकडेच बघत होता. काकू त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सुईखालचा अर्धवट शिवलेला पडदा खस्सकन ओढला, दोरा तुटला, आणि पडदा आरशावर टाकला.

काका उठले. दोन्ही हातांत पाखरू अलगद घेऊन गॅलरीत गेले.

"गेले," काकू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. पडदा आरशावर असल्यामुळे शिवायला काही नव्हतं. मशीन बंद होतं. आणि भर दुपारी गॅलरीतली गुणगुण पहिल्यांदाच शब्दांसकट आत आली.

"खा रे, खा. या सगळे. काल आमची झोप नाही झाली बघा. तिचा पाय ठणकत होता, डावा. जरा दाबून देऊ का, असं विचारणार होतो, तेवढ्यात तिचा डोळा लागला. मशीन कमी कर म्हटलं तर ऐकायची नाही. पण काय शिवते! पडद्याची किनार बघितलीत? अशी सरळ शिवण दुसऱ्या कोणाला जमणार नाही."

काकूच्या हातातली कात्री तशीच राहिली. मला वाटलं, आता विरघळेल. कसली विरघळते! कानशिलं लाल झाली.

"म्हणजे हे सगळं त्या मेल्यांना माहीत?" ती म्हणाली. "आणि मला नाही?"

ती उठली आणि लंगडत गॅलरीच्या दारापर्यंत गेली.

"उजवा!" ती ओरडली. "डावा नाही, उजवा पाय दुखतोय माझा!"

थवा भुर्रकन उडाला. तो थकलेला बुलबुल तेवढा काकांच्या मांडीवर राहिला. काकांनी काकूकडे बघितलं, चांगलं टक लावून बघितलं. मग मान खाली घालून ते त्याला म्हणाले, "उजवा म्हणतेय."