इव्हानरावांची खाण

मरैकेनं बेल वाजवली आणि ती दीड मीटर मागे जाऊन उभी राहिली. साथीच्या त्या दिवसांत सगळेच तसे उभे राहत, त्यामुळे मला वेगळं काही जाणवलं नाही. "सुधा, पप्पा सकाळी गेले," ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं, आत आले आणि वरणाला फोडणी दिली. मोहरी नीट तडतडली. आता इतके आठवडे झाले, रडू अजून आलेलं नाही...

मरैकेचे वडील इव्हान आमचे शेजारी, मूळचे वेल्सचे. मी इकडे परदेशात, कापेल शहरात मुलाकडे थोड्या दिवसांसाठी आले आणि साथीमुळे विमानंच बंद झाली. आमच्या इमारतीत सगळ्यांची दारं एकाच लांब गॅलरीत उघडतात. तिथे दुपारच्या चहाला दोन खुर्च्या, मध्ये अंतर राखून. मी त्यांना इव्हानराव म्हणायची. "हे राव काय आहे?" त्यांनी विचारलं. "म्हातारपणी पुरुषाला तेवढंच उरतं," मी सांगितलं. ते पूर्वी कोळसाखाणीत होते; ती कधी सोडली असं विचारलं की त्यांचं उत्तर तयार : "इथली जमीन समुद्राच्याही खाली आहे. म्हणजे मी खाणीतून वर आलोच नाही म्हणायचं!"

त्यांची खाण अगदी छोटी. आजोबांनी दोन भावांना घेऊन डोंगराच्या कुशीत तिरपं भुयार खणलं. कोळशाचा थर कमरेएवढाही नाही, त्यामुळे कुशीवर पडून खणायचं. सरकारनं मोठ्या खाणी ताब्यात घेतल्या, ही मात्र क्षुल्लक म्हणून सोडून दिली, हे सांगताना त्यांची छाती फुगायची. घरी आल्यावर सगळं अंग धुवायचं, पण पाठ नाही. पाठ धुतली की तिच्यातलं बळ जातं म्हणे. "माझ्या सासूबाईंनी तुम्हाला उंबऱ्याबाहेरच जेवायला वाढलं असतं," मी म्हटलं. मग मीही माझं सांगितलं. माझे यजमान चंद्रपूरकडच्या कोळसाखाणीत इंजिनिअर. मी नवी नवरी, बी.ए. झालेली, म्हणजे अकलेचा कांदाच. साहेबाची बायको दिसावी म्हणून कोळशाच्या गावात पांढऱ्या साड्या नेसायची! संध्याकाळपर्यंत साडी राखाडी आणि बाईसाहेब रडकुंडीला. इव्हानराव खोकला येईपर्यंत हसले.

तो खोकला साथीचा नव्हता. छातीतली जुनी धूळ होती, आणि ती बोलण्याची जागा खात चालली होती. "मोठ्या खाणींना पुतळे मिळाले. आमच्या खाणीवर मेंढ्या चरतात," ते एकदा म्हणाले. "सगळी कोणाला तरी सांगून जायचीय, नाहीतर ती माझ्याबरोबर दुसऱ्यांदा बुजेल." मरैके किराणा घेऊन यायची आणि दारातून टोमणा मारायची, "पप्पा, पुन्हा खाण?" म्हणून श्रोता मी. रोज थोडं थोडं. आजोबा झाले, वडील झाले, छतातून आलेलं पाणी झालं. खाण बंद केली त्या दिवसापाशी आलो की मात्र ते कप खाली ठेवत. "ते उद्या."

तो उद्या आला नाही. अंत्यविधी मी मुलाच्या लॅपटॉपवर पाहिला. मध्येच चित्र अडकलं, तेव्हा पुढची रिकामी खुर्ची बराच वेळ दिसत राहिली.

गेल्या आठवड्यात मरैके घर रिकामं करायला आली. दमून त्यांच्याच खुर्चीत बसली. "एवढं काय सांगायचे तुला?" तिनं विचारलं. मी आजोबांपासून सुरू केलं. तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पाठीचंसुद्धा नाही. "फक्त शेवट मला कोणी सांगितला नाही," मी म्हटलं.

तिनं हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाली, "शेवटाला मी होते. अगदी लहान. कोळसा घेणारं कोणी उरलं नव्हतं आणि आई आम्हाला इकडे तिच्या देशात आणणार होती. पप्पा मला आत घेऊन गेले. काठीनं छत ठोकलं, कान देऊन ऐकलं. पोकळ वाजलं तर पळायचं असतं. म्हणाले, 'छत अजून पक्कं आहे.' मग बाहेर येऊन स्वतःच भुयाराच्या तोंडाशी दगड रचले. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं."

चहा निवला होता. आम्ही दोघींनी तो तसाच प्यायला.

आता मी लिफ्टमध्ये शिरले की काठीनं छताला टकटक करते. परवा सूनबाई घाबरली. "आई, हे काय?"

"इव्हानरावांची पद्धत," म्हटलं, "थांब, ऐकू दे."